ऑल्ट-शिफ्ट कुणी काढून टाकलं?

(वडखळ येथे संगणकावर मराठी टायपिंगचं काम करणाऱ्या बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मला बोलावताना सांगितलं होतं, "ताई, कॉम्प्युटरवर बोला, पण घाबरवू नका." मी इंजिनिअर नाही. आमच्या अंकाची जुळणी करता करता, चुकत माकत शिकले. तेव्हा घाबरवण्याइतकं मला येतच नाही.

तुमचं वडखळ हे नाक्याचं गाव. गोव्याचा रस्ता इथून पुढे जातो, अलिबागचा इथे फुटतो. तहसील पेणला, कलेक्टर कचेरी अलिबागला. दोन्हीकडे जाणारी माणसं हातात कागद घेऊन तुमच्यापुढे उभी राहतात. अर्ज, प्रतिज्ञापत्र, हरकत, तक्रार. सगळं मराठीत, पण मधेच आधार नंबर, ईमेल, बँकेचा कोड इंग्रजीत. म्हणजे एका पानात दहा वेळा भाषा बदलायची. डाव्या हाताची दोन बोटं, ऑल्ट आणि शिफ्ट, झालं काम. ते दोन बोटांचं काम बंद पडलं तर काय होतं, त्याची एक गोष्ट सांगते.

आमच्या ओळखीची एक मुलगी अशाच एका केंद्रात बसते. नाव-गाव सांगत नाही, तिची नोकरी आहे. पगार नाही, अर्जामागे पैसे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून मालकांनी त्या सुमारास माणूस बोलावून विंडोज ११ चढवून घेतलं. रात्री तो येऊन गेला. सकाळी हिने मशीन लावलं, ऑल्ट-शिफ्ट दाबलं, आणि काही झालं नाही. पुन्हा दाबलं. नाही.

समोर एक जोडपं उभं होतं. बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायचा अर्ज. तुम्हाला ठाऊकच आहे, १९९२ सालच्या लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याने स्वखुशीने जमिनीवर बायकोचं नाव आपल्याबरोबर लावता येतं. आता ही 'स्वखुशी' काय चीज असते हे मी या सभेत समजावून सांगायची गरज नाही. ती बाई किती वर्षं मागे लागली असेल तेव्हा तो त्या दिवशी आला. आणि यंत्रातून उमटतंय इंग्रजी. पंधरा मिनिटं गेली. नवरा म्हणाला, "जाऊ दे, पुढच्या आठवड्यात बघू." पुढच्या आठवड्यात तो आला नाही. आजवर आलेला नाही.

पण मला जास्त लागलं ते पुढचं. त्या मुलीने कुणाला विचारलं नाही. का? तर तिला वाटलं, आपणच काहीतरी चुकीचं दाबलं. चार दिवस ती प्रत्येक शब्दाला माउस उचलून खालच्या कोपऱ्यातून भाषा बदलत बसली. अर्ज निम्मे झाले, पैसे निम्मे झाले. मालक म्हणाले, "तुला झेपत नसेल तर भाच्याला बसवतो." तरी ती गप्प. मिक्सर बंद पडला तर सून म्हणते, माझ्याच हातून पडला असेल. तसंच हे. रात्री कुणी यंत्राला हात लावला हे तिला पक्कं माहीत होतं, आणि तरी दोष स्वतःचा!

आता आपण काय करायचं ते बघू. बिघाड शोधायचा म्हणजे एकेक शक्यता खोडत जायचं. तांदूळ निवडल्यासारखं.

पहिलं, बटण जिवंत आहे का? खाडीकाठची आपली हवा दमट, कीबोर्डात जे जाऊ नये ते जातं. माउसने मराठीवर जा, इनस्क्रिप्ट कळफलक घ्या आणि आपल्या गावाचं नाव लिहा: वडखळ. हे नाव परीक्षेला फार चांगलं आहे. 'व' आणि 'ड' साधे उमटतात, पण 'ख' म्हणजे शिफ्टसह 'क', आणि 'ळ' म्हणजे शिफ्टसह 'ल'. दोन्ही अक्षरं उजव्या हाताची, म्हणून रीतसर शिकलेली बाई शिफ्ट डाव्या हाताने धरते. पडद्यावर 'वडकल' आलं तर समजा, डावी शिफ्ट मेली. मग सेटिंग उकरण्यात अर्थ नाही, नवा कीबोर्ड आणा. 'वडखळ' नीट आलं तर शिफ्ट शाबूत. ऑल्टही डावीकडचीच दाबतोय ना, तेही बघून घ्या. उजव्या ऑल्टने हे काम होत नाही.

दुसरं, मराठी कळफलक यादीत आहे का? खाली उजव्या कोपऱ्यात भाषेची खूण असते, तिच्यावर टिचकी मारा. तिथे मराठी नसेलच, तर बदलायला दुसरी भाषाच नाही. शॉर्टकट बिचारा काय करणार? ती आधी जोडायची.

तिसरं, मराठी आहे पण दोन बोटांनी येत नाही. तेव्हा विंडोजचं चौकटीचं बटण धरून स्पेसबार दाबा. विंडोज ८ पासून ही दुसरी वाट आहे, आणि ऑल्ट-शिफ्ट बंद असलं तरी ती चालते. त्या सकाळी एवढं एक ठाऊक असतं तर ते जोडपं अर्ज घेऊन गेलं असतं.

मग चौथं, मूळ दुखणं. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात टायपिंग, त्यात ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, आणि तिथे इनपुट लँग्वेज हॉट कीज. विंडोज १० मध्ये टायपिंग हे डिव्हाइसेसखाली सापडेल, पुढे तीच खिडकी. तिथे चेंज की सीक्वेन्स म्हणून बटण आहे. आम्ही त्या मुलीच्या शेजारी बसून ते उघडलं, तर भाषा बदलण्यापुढे लिहिलेलं, 'नॉट असाइन्ड'. म्हणजे कुठलीच बटणं नेमलेली नाहीत. लेफ्ट ऑल्ट-शिफ्टपुढे ठिपका दिला, ओके केलं. एक मिनिट लागलं. चार दिवसांचं दुखणं!

मग त्या बसवणाऱ्या मुलाला फोन केला. तो अगदी सरळ बोलला. म्हणाला, "मीच काढून टाकलं ताई, चुकून दाबलं जातं आणि भलतीच भाषा येते. कटकट नुसती." खोटं नाही बोलला. तो दिवसभर इंग्रजीत काम करतो, त्याला ती कटकटच. जिचं पोट त्या दोन बटणांवर, तिला विचारावं असं मात्र त्याच्या मनात आलं नाही. मालकांच्याही नाही.

आणखी एक. मालक तिला म्हणाले होते, "सेटिंगला हात लावू नकोस, पासवर्ड माझ्याकडे आहे." प्रोग्रॅम बसवायला बहुतेक वेळा तो पासवर्ड लागतो, खरं आहे. पण भाषा बदलायची बटणं ज्याच्या त्याच्या खात्यापुरती असतात. त्यांना मालकाचा पासवर्ड लागत नाही! कुलूप नव्हतंच. कुलूप आहे असं सांगितलं होतं, आणि तिने दार ढकलून पाहिलं नव्हतं. आपल्यापैकी कितीजणींनी पाहिलं असतं? मी तरी पूर्वी पाहिलं नव्हतं.

तुमच्यातल्या ज्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मशीनवर शिकल्या, त्यांच्यासाठी थोडं वेगळं. शॉर्टकट चालू होतो, मराठी येतं, पण शब्द वेडेवाकडे येतात. तिथे बिघाड शॉर्टकटचा नसतो, कळफलकच बदललेला असतो. टाइपरायटरच्या रेमिंग्टन पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, इनस्क्रिप्टमध्ये अक्षरानंतर. नव्या मशीनवर तुमचं जुनं टायपिंगचं सॉफ्टवेअर परत बसवलेलं नसतं, म्हणून हात एक सांगतो आणि पडदा दुसरंच ऐकतो. वीस वर्षांचा हात आहे तो, एका रात्रीत मोडायचा नाही. हक्काने सांगा, जुनी पद्धत बसवून द्या, नाहीतर नवी शिकायला महिनाभर द्या, आणि त्या महिन्याचे पैसे कापू नका. तरुण मुलींनी मात्र इनस्क्रिप्टच शिकावं असं माझं मत. स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, आणि ते विंडोजमध्येच असतं, कुणी बसवून द्यायची वाट बघायला नको.

एक साधी वही ठेवा. यंत्रावर कुणी काम करून गेलं की तारीख, काय बदललं, आणि त्याची सही. गॅसवाला सिलिंडर देऊन जाताना आपण सही करतो ना, तशी ह्याची घ्यायची. मालक हसतील. हसू देत. त्या मुलीच्या वहीत आता दोन सह्या आहेत, त्यातली एक मालकांचीच.

ते सातबाऱ्यावाल्या बाईंचं राहिलं. त्यांच्या घरी आमच्यातल्या दोघी जाऊन आल्या, पुन्हा जाणार आहेत. अर्ज टाइप करून तयार ठेवलाय, फक्त सही बाकी.

बरं, भाषण पुरे. खुर्च्या पुढे घ्या, तिघींत एक मशीन आहे. मागच्या ताई, तुम्ही आधी. भीड नको, लिहा: वडखळ.