कटर धरणारा हात



घरी छोटी मिलिंग मशीन घेणारा माणूस मोटर किती अश्वशक्तीची, टेबल केवढं, हे दहा जणांना विचारतो. कटर कशात धरायचा, हा प्रश्न मशीन घरी आल्यावर पडतो. मग मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून स्वस्तातला अठरा नगांचा कॉलेट सेट येतो आणि निम्मे नग डबीतच गंजतात. आज बोलायचं आहे ते या कॉलेटबद्दल, म्हणजे कटरचा दांडा (शँक) आवळून धरणाऱ्या चिरांच्या नळीबद्दल.

आधी एक सोपा हिशेब करू. सहा मिलिमीटरचा, दोन दातांचा एंड मिल आहे. प्रत्येक दाताने 0.02 मिलिमीटर कापावं असा आपण फीड ठेवला. पण कटर नीट मध्यावर फिरत नाही, डायल इंडिकेटरची सुई 0.03 दाखवते. दात नेमके कटर सरकलेल्या दिशेत आले, तर एक दात दुसऱ्याच्या 0.03 पुढे असतो. मागचा दात धातूपर्यंत पोचतच नाही आणि पुढचा एकटा 0.04 कापतो. कटर लवकर बोथट होतो, फिनिश खराब येतं, खाच मापापेक्षा रुंद होते. आपण दोष देतो कटरला.

आज सर्वत्र दिसणारा ईआर कॉलेट स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स कंपनीने 1970च्या दशकाच्या सुरुवातीला आणला. पुढे त्याचं डीआयएन 6499 हे जर्मन मानक झालं. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 15488. कॉलेटला दोन्ही टोकांकडून आलटून पालटून चिरा पाडलेल्या असल्यामुळे तो सर्व बाजूंनी सारखा आवळतो. ईआर 32 मध्ये साधारण 2 ते 20 मिलिमीटरपर्यंतचे शँक धरता येतात आणि बहुतेक नग आपल्या मापाखाली एक मिलिमीटरपर्यंत मिटतात. पण मिटतो म्हणून मिटवू नये. सहाच्या शँकला सहाचाच कॉलेट घ्यावा. सातचा कॉलेट सहापर्यंत दाबला की पकड आणि अचूकता दोन्ही घटतात. अर्ध्या इंची, म्हणजे 12.7 मिलिमीटरचा शँक बाराच्या कॉलेटमध्ये बळेच घालू नये, त्यासाठी तेराचा लागतो.

आता चांगला कॉलेट ओळखायचा कसा? हातात घ्या. बाहेरचा टेपर एकसारखा ग्राइंड केलेला हवा, चिरांच्या कडांना बर नको, भोकाच्या आत ओरखडे नकोत. पण नजरेवर थांबू नका. सहा मिलिमीटरची अचूक ग्राइंड केलेली पिन कॉलेटमध्ये धरा, स्पिंडल हाताने फिरवा आणि डायल दोन ठिकाणी लावा: कॉलेटच्या तोंडाशी आणि तिथून पंचवीस मिलिमीटर खाली. तोंडाशी सुई कमी आणि खाली जास्त हलली, तर पिन तिरकी बसली आहे. दोन्हीकडे सारखीच हलली, तर ती मध्यापासून सरकली आहे. मग सुई सर्वांत वर जाते त्या उंच जागी स्पिंडलवर मार्करने खूण करा, कॉलेट अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा. उंच जागा कॉलेटबरोबर फिरली, तर दोष कॉलेटचा. ती खुणेपाशीच राहिली, तर दोष स्पिंडलचा किंवा कॉलेट बसवलेल्या चकचा. मग कितीही महाग कॉलेट आणला तरी सुई हलणारच.

म्हणून मधले सांधे कमी ठेवावेत. स्पिंडल आर8 असेल, तर थेट आर8 कॉलेट वापरता येतो. ब्रिजपोर्ट मशीनबरोबर रुळलेला हा टेपर. त्यात लांबी वाचते, पण मापाची लवचिकता जवळपास नसते. ईआर चकमध्ये लवचिकता मिळते, मात्र कटर स्पिंडलपासून लांब जातो आणि चकची स्वतःची चूक त्यात मिसळते. ड्रिल चकमध्ये एंड मिल मात्र कधीच धरू नये. त्याचे तीन जबडे शँकला अरुंद पट्ट्यांवरच टेकतात आणि आडव्या जोराने कटर सुटतो.

बसवण्यात सर्वांत जास्त घोळ होतो. कॉलेट आधी नटमध्ये तिरका धरून कट्‌ आवाज येईपर्यंत बसवायचा, मग नट चकवर लावायचा. कॉलेट चकमध्ये टाकून वरून नट आवळला, तर नटची आतली कड कॉलेटच्या खाचेत शिरत नाही. पिळला जातो तो कॉलेट, आणि नट सोडल्यावर तो टेपरमध्येच अडकून बसतो. शँक कॉलेटच्या भोकात किमान दोन तृतीयांश आत हवा. ईआर 32 च्या साध्या नटसाठी आवळण्याची कमाल मर्यादा सुमारे 136 न्यूटन-मीटर सांगितली जाते, म्हणजे तीस सेंटिमीटरच्या पान्यावर जवळपास 46 किलो जोर. पान्याला पाइप लावून आणखी पिळण्याचं काही कारण नाही.

टेपरमध्ये एक बारीक कीस राहिला, तर वरची सगळी मेहनत वाया. दर वेळी पुसा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कॉलेटला तेलाचा हात द्या.

तेव्हा विनंती एवढीच: सेट घेऊ नका. आपण रोज वापरतो त्या तीन-चार मापांचे, मानकाप्रमाणे बनलेले आणि चाचणीचा आकडा देणाऱ्या कंपनीचे कॉलेट घ्या, आणि वाचलेल्या पैशांत एक चांगला डायल घ्या. तो डायल पहिल्यांदा लावाल तो स्पिंडललाच लावा.