प्रवासाच्या सामानाची व्यवस्था



या व्यासपीठावरून आपण वेदान्त ऐकता, अर्थशास्त्र ऐकता, देशोदेशींचे राजकारण ऐकता. त्या पंगतीत ‘प्रवासाची बॅग कशी भरावी’ हा विषय घेऊन उभे राहणे म्हणजे पंचपक्वान्नांच्या पानात मिठाची चिमूट वाढण्यासारखे आहे. पण आपल्याकडे पान वाढताना पहिल्याने मीठच वाढतात, हे आपण जाणताच. शिवाय हे सुटीचे दिवस आहेत. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी माळ्यावरची बॅग एव्हाना खाली आलीही असेल.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. बॅग घरी भरली जाते, पण ती उघडली जाते परमुलखात. भरताना जागा असते, उजेड असतो, वेळ असतो. उघडताना यातले काहीच नसते. गाडीत रात्रीचे दोन वाजलेले असतात, दिवे मालवलेले असतात आणि मूल तापाने फणफणलेले असते. म्हणून बॅगेत किती मावले, यावर भरणाऱ्याची हुशारी ठरत नाही. हवी ती वस्तू हव्या त्या क्षणी, बाकीचे न विस्कटता निघते की नाही, यावर ती ठरते. भरणे हे काढण्यासाठी असते, हे सूत्र एकदा पटले म्हणजे बाकीचे नियम आपोआप सुचतात.

या सूत्राचे एक मोठे उदाहरण सांगतो. नॉर्वेचा रोआल्ड आमुन्सेन १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पोचला. तेथे पहिल्याने पाऊल ठेवणारी तुकडी त्याची. कुत्र्यांच्या घसरगाड्या आणि त्याची जिद्द यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे; आम्हांला त्याच्या पेट्यांचे कौतुक अधिक वाटते. गाडीवर दोरांनी आवळलेल्या त्या पेट्यांना वरच्या बाजूस लहानसे गोल झाकण होते. मुक्कामावर दोर सोडायचे नाहीत, पेटी उतरवायची नाही. झाकण काढावे, हात घालावा, त्या दिवसाचा शिधा घ्यावा, झाकण लावावे. अन्नाचे भागही ठरीव वजनाचे केलेले होते, म्हणजे तंबूत तराजू नको. गोठवणाऱ्या थंडीत दोरांच्या गाठी सोडणे किती जिवावरचे, याचा विचार त्याने निघण्यापूर्वीच करून ठेवला होता. ही खरी व्यवस्था.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. आपला वारकरी हेच करतो. दिंडीचे जड सामान मालमोटारीतून पुढे मुक्कामाला जाते आणि चालताना लागणारे तेवढे खांद्यावरच्या पिशवीत राहते. पाऊस दुपारी आला आणि अंगावर घ्यायचा कागद मालमोटारीत राहिला, तर त्या कागदाचा उपयोग काय? आपणही सामानाचे असेच तीन वाटे करावेत. पहिला, अंगाशी राहणारा: तिकीट, ओळखपत्र, पैसे, चष्मा आणि औषधे. दुसरा, वाटेत लागणारा: पाणी, शिदोरी, पंचा, पांघरूण, मुलाचा एक जादा जोड. तिसरा, मुक्कामावरच उघडायचा. विमानाने जाणाऱ्यांना यातला एक भेद नियमानेच पाळावा लागतो. मोबाईलला वीज पुरविणारी पॉवर बँक मोठ्या सामानात ठेवता येत नाही, ती जवळच ठेवावी लागते. कारण तिच्यातील लिथियमच्या घटाने पेट घेतला, तर तो माणसांच्या डोळ्यांसमोर असलेला बरा. औषधांसाठी असा नियम कोणी केलेला नाही, तो आपण आपल्या घरी करावा.

दुसरी गोष्ट यादीची. ‘आम्हांला यादी लागत नाही, सगळे ध्यानात असते,’ असे पुष्कळजण अभिमानाने सांगतात. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत बोइंगचे एक नवे विमान चाचणीसाठी उडाले आणि क्षणांतच कोसळले. वैमानिक नवशिका नव्हता, चांगला मुरलेला होता. जमिनीवर असताना शेपटीकडील फळ्यांना घालून ठेवलेली अडसर काढायची तेवढी राहिली होती. त्यानंतर वैमानिकांनी लेखी यादी हाती घेतली, ती आजतागायत सोडलेली नाही. यादी ही मंदबुद्धीची काठी नव्हे. ती जाणत्या माणसाने आपल्या घाईवर ठेवलेला पहारा आहे. ती बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवावी. परतताना तीच वाचावी, म्हणजे धर्मशाळेच्या दोरीवर पंचा आणि खिडकीत दाढीचे सामान राहणार नाही.

आता वजनाविषयी. रेल्वेने शयनयान वर्गाला ४० किलो आणि द्वितीय श्रेणीला ३५ किलो सामान विनामूल्य नेण्याची मुभा दिली आहे. ही मर्यादा आहे, आमंत्रण नव्हे! वळकटी, पत्र्याची ट्रंक आणि फिरकीचा तांब्या यांच्या काळात ओझे हाताला लगेच कळे. माणूस १९६९ साली चंद्रावर उतरला आणि चाकांच्या बॅगेला अमेरिकेत पेटंट मिळाले त्यानंतर, १९७२ साली. चाकांनी सोय केली, पण वजन लपविले. ते पुन्हा प्रकट होते पुलाच्या जिन्यावर, गाडी सुटायला पाच मिनिटे असताना. म्हणून भरलेली बॅग घेऊन घरचाच जिना एकदा चढून पाहावा. काय काढायचे ते आपोआप कळते. आणि बॅगेचा चौथा हिस्सा मोकळा सोडावा, कारण येताना प्रसाद येतो, खरेदी येते आणि मळलेले कपडे घडी मोडून दुप्पट होतात.

शेवटचा मुद्दा आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बहुतेक घरांत सगळ्यांचे सामान एकच व्यक्ती भरते, आणि ती घरातील गृहिणी असते. मग प्रवासभर ‘माझा टॉवेल कुठे?’, ‘आजोबांची गोळी कुठे?’ हे प्रश्न तिलाच. सगळ्यांचा प्रवास होतो, तिची मात्र कोठीघराची नोकरी गाडीत चालू राहते. यात अन्याय आहे आणि धोकाही आहे. वाटेत तीच आजारी पडली, तर औषधाचा डबा कोणत्या कप्प्यात आहे, हे घरात दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते. म्हणून सात-आठ वर्षांच्या मुलापासून प्रत्येकाने आपले सामान आपण भरावे; आणि औषधे, पैसे, कागदपत्रे यांची जागा निदान दोघांना ठाऊक असावी. डॉक्टरांची चिठ्ठी औषधांबरोबरच ठेवावी, म्हणजे परगावच्या दुकानदारालाही ती वाचता येईल.

जिची मांडणी एकालाच ठाऊक आहे, ती व्यवस्था नव्हे. ती त्या एकाची स्मरणशक्ती आहे. या सुटीत आपण ज्या गावाला जाल, तेथे घरातील प्रत्येकाला, सामान भरणारीलासुद्धा, खिडकीबाहेर पाहायला सवड मिळो, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.