एक माणूस, एक मत

आपल्या मराठीत ‘मत’ हा शब्द दोन कामं करतो. मतपेटीत पडतं तेही मत आणि पारावर बसून आपण मांडतो तेही मत. पहिल्या मताची आपण डोळ्यांत तेल घालून राखण करतो. मतदार यादीत नाव लागतं, ओळखपत्र दाखवावं लागतं, डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लागते. कारखानदार असो की ऊसतोड मजूर, प्रत्येकाला एकच मत. दुसऱ्या मताला अशी शाई नाही. पारावर त्यावाचून अडत नव्हतं, कारण बोलणारा समोर दिसायचा आणि तो कुणाचा कोण हे गावाला ठाऊक असायचं. आता पार मोबाईलमध्ये आला आहे आणि बोलणारा दिसेनासा झाला आहे. निवडणुकीच्या वेळी याचं काय होऊ शकतं, हे दक्षिण कोरियाने फार लवकर अनुभवलं. आज त्याच देशाची हकिकत सांगायची आहे.

1997 च्या आर्थिक संकटातून सावरताना कोरियाने वेगवान इंटरनेट घरोघर पोचवण्याचा ध्यास घेतला. 2002 साल सरेपर्यंत देशात एक कोटीवर जोडण्या झाल्या. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती आणि एका बाजूला होते रोह मू-ह्यून. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, विद्यापीठाची पायरी न चढलेला, स्वतः अभ्यास करून न्यायखात्याची अवघड परीक्षा पास झालेला आणि लष्करी राजवटीत आंदोलकांचे खटले लढवणारा वकील. कोरियात तेव्हा प्रांत पाहून मतं पडत. ही भिंत पाडायची म्हणून रोह यांनी 2000 साली सोलमधला आपला हातचा मतदारसंघ सोडला, बुसानमध्ये जाऊन उभे राहिले आणि हरले. लोक त्यांना प्रेमाने ‘वेडा रोह’ म्हणू लागले.

या हरलेल्या माणसासाठी इंटरनेटवर अनोळखी लोक एकत्र आले. ‘नोसामो’ हे त्यांच्या संघटनेचं नाव. त्याचा अर्थच रोहवर प्रेम करणाऱ्यांचा मेळा. बोलणं पडद्यावर सुरू झालं तरी ही माणसं प्रत्यक्ष भेटली, पिवळे रुमाल बांधून रस्त्यावर आली, प्लास्टिकच्या डुकराच्या गल्ल्यांत नाणी साठवून आपल्या उमेदवाराला देऊ लागली. त्याच 2000 सालच्या फेब्रुवारीत ओह योन-हो या पत्रकाराने ‘ओहमायन्यूज’ हे इंटरनेटवरचं वृत्तपत्र काढलं. प्रत्येक नागरिक वार्ताहर आहे, हे त्याचं ब्रीद. पहिल्या दिवशी 727 नागरिक-वार्ताहर होते. गृहिणी, शिक्षक, विद्यार्थी, दुकानदार. लिहिणाऱ्याने खऱ्या नावाने नोंद करायची, हा तिथला नियम होता. बडी दैनिकं रोह यांच्या विरोधात असताना या नावानिशी लिहिणाऱ्या माणसांनी दुसरी बाजू देशापुढे ठेवली.

18 डिसेंबर 2002 ची रात्र कोरियात अजून आठवली जाते. मतदान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. रोह यांच्याशी हातमिळवणी केलेले चुंग मोंग-जून यांनी रात्री दहाच्या सुमारास अचानक पाठिंबा काढून घेतला. आता बाजी गेली, असं वाटायला हवं होतं. पण तरुण मंडळी झोपली नाहीत. रात्रभर संदेश, ईमेल, फोन सुरू राहिले. झोपलेल्या मित्राला उठवायचं, गावाकडे आईवडिलांना कळवायचं, मतदानाला जा म्हणून गळ घालायची. दुसऱ्या दिवशी 70.8 टक्के मतदान झालं आणि रोह सुमारे 5 लाख 70 हजार मतांनी निवडून आले. शपथविधीच्या तोंडावर त्यांनी ओहमायन्यूजला मुलाखत दिली.

मला या कथेत सगळ्यांत मोलाचं काय वाटतं? त्या रात्री ज्याला संदेश पाठवला त्याला पाठवणारा ओळखत होता, आणि ज्याला मिळाला तोही पाठवणाऱ्याला ओळखत होता. यंत्र नवं होतं, पण त्यातून जाणारा शब्द ओळखीच्या माणसाचा होता.

आता दहा वर्षं पुढे येऊ. 2012 चा डिसेंबर, पुन्हा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. सत्ताधारी पक्षाच्या पार्क ग्युन-हे विरुद्ध विरोधी पक्षाचे मून जे-इन. मतदानाला आठ दिवस उरले असताना, 11 डिसेंबरला, विरोधी पक्षाचे लोक सोलमधल्या एका इमारतीतल्या खोलीबाहेर जमले. आत गुप्तचर खात्याची एक कर्मचारी होती. इथून इंटरनेटवर विरोधी उमेदवाराच्या बदनामीचे अभिप्राय लिहिले जातात, असा त्यांचा आरोप होता. 16 तारखेला रात्री अकराला, उमेदवारांची शेवटची दूरचित्रवाणी चर्चा संपते न संपते तोच, पोलिसांनी जाहीर केलं की तसा पुरावा सापडला नाही. 19 ला मतदान झालं आणि पार्क 51.6 टक्के मतं घेऊन जिंकल्या.

पुरावा नंतर निघाला. उत्तर कोरियाच्या प्रचाराला तोंड देण्यासाठी नेमलेल्या विभागाची माणसं साध्या नागरिकाचा मुखवटा घालून स्वतःच्याच देशातल्या मतदारांसाठी लिहीत होती. खात्याचे माजी प्रमुख वॉन से-हून यांची चार वर्षांची शिक्षा 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. त्या मजकुराने किती मतं फिरली, हे मोजायची तागडी जगात नाही. पण जनतेच्या पगारावर पोसलेल्या माणसांनी जनतेचाच आवाज काढून जनतेला फसवलं, हा गुन्हा मतांच्या आकड्याहून मोठा आहे.

आणि हा आजार एकाच पक्षाचा आहे, असं कुणी समजू नये. 2012 मध्ये हरलेले मून पुढे सत्तेवर आले. 2018 मध्ये त्यांचं सरकार असताना बातम्यांखालच्या अभिप्रायांत कुणीतरी फेरफार करतंय, अशी तक्रार खुद्द सत्ताधारी पक्षाने केली. तपास लागला तेव्हा धागा त्याच पक्षाच्या दारात येऊन थांबला. ‘ड्रुकिंग’ या टोपणनावाने लिहिणारा एक लोकप्रिय ब्लॉगर आणि त्याचे साथीदार एक संगणक प्रणाली वापरून, असंख्य खात्यांतून, हव्या त्या अभिप्रायांना ‘सहमत’चे शिक्के मारत होते. ज्याला शिक्के जास्त तो अभिप्राय वर दिसायचा, हे नेव्हर या संकेतस्थळाचं गणित त्यांना पाठ होतं. या प्रकरणात सत्ताधारी पक्षाचे गव्हर्नर किम क्योंग-सू यांना शिक्षा झाली. त्यांनी आरोप नाकारला, पण 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. हे किम म्हणजे रोह मू-ह्यून यांचे निकटचे सचिव, निवृत्तीनंतर गावीही त्यांच्या सोबत राहिलेले. ज्या घरात पिवळे रुमाल शिवले गेले, त्याच घराच्या अंगणात हे बनावट शिक्के सापडले. मला ही या हकिकतीतली सगळ्यांत वेदनादायक गोष्ट वाटते.

मग सगळ्यांना खरं नाव लिहायची सक्ती करावी का? कोरियाने तेही करून पाहिलं. 2007 पासून मोठ्या संकेतस्थळांवर अभिप्राय लिहिण्याआधी ओळख पटवणं कायद्याने बंधनकारक झालं. खोटेपणा थांबला नाही. उलट साठवलेली माहिती चोरांचं भांडार झाली. 2011 मध्ये एका घटनेत साडेतीन कोटी लोकांची माहिती फुटली. ऑगस्ट 2012 मध्ये घटना न्यायालयाने हा कायदा रद्द केला. ते योग्यच झालं. सत्तेला भिणाऱ्या दुबळ्या माणसाला कधी आडोशाची गरज असते. तो आडोसा सत्तेनेच स्वतःसाठी बळकावला, हा खरा रोग होता.

म्हणून कायद्याचा हात जिथे पोचत नाही, तिथे आपल्यालाच उभं राहावं लागेल. आपल्याकडे मतदान संपण्याच्या वेळेआधी 48 तास जाहीर सभा थांबतात, कर्णे उतरतात. खिशातला फोन मात्र वाजत राहतो. त्या दोन दिवसांत येणारा संदेश कुणी लिहिला, हे पाठवणाऱ्यालाही बहुधा माहीत नसतं. आपण तो पुढे ढकलतो तेव्हा स्वतः न लिहिलेल्या, न तपासलेल्या मजकुराला आपल्या नावाची पत देतो. मावशीला तो गुप्त विभागाकडून आलेला नसतो, भाच्याकडून आलेला असतो. म्हणूनच ती त्यावर विश्वास ठेवते.

श्रोतेहो, राजकारणावर जरूर बोला, हिरिरीने बोला. कोरियातल्या त्या तरुणांसारखं रात्रभर जागून मित्रांना मतदानासाठी उठवा. फक्त एक करा. जे पुढे पाठवाल, त्याखाली आपलं नाव लिहून सही करायची तयारी असेल, तरच पाठवा. मतदान केंद्रात आपण एकापेक्षा जास्त मतं देत नाही. केंद्राबाहेरही आपलं मत आपल्याच तोंडून, एकदाच आणि खरंखुरं निघू दे.