एक जूनच्या आधी

कामं आटपली असतील तर बसा, नसतील तर हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आम्ही जुळे सोलापुरातून बोलतोय. इथल्या बचत गटांचं समन्वयाचं काम आमच्याकडं आहे. गटात शिवणकाम करणाऱ्या आहेत, बीड्या वळणाऱ्या आहेत, कडक भाकरी आणि शेंगाचटणी विकणाऱ्या आहेत, चार घरची धुणीभांडी करणाऱ्याही आहेत. बऱ्याचजणी मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोटकडच्या खेड्यांतून इथं आलेल्या. म्हणजे तुमच्यातल्याच.

आज वाढदिवसाविषयी बोलायचंय.

बँकेच्या केवायसीसाठी आम्ही एका गटाची आधार कार्डं गोळा केली, तेव्हा निम्म्याहून जास्त जणींचा वाढदिवस एकाच दिवशी निघाला. १ जून! तुमच्या गटात बघा, तिथंही तेच निघेल. आपल्याकडं पोराला शाळेत घालताना जन्मतारीख कोणाला ठाऊक नसायची. शाळा जूनमध्ये भरायची, मग गुरुजी वयाचा हिशेब जुळवून १ जून लिहून टाकायचे. ज्या शाळेतच गेल्या नाहीत, त्यांनी आधार काढताना वय अंदाजानं सांगितलं आणि त्यांच्या कार्डावर १ जानेवारी पडली. खरी तारीख आईला विचारली तर आई सांगणार, "बहात्तरच्या दुष्काळात, मी खडी फोडायला जात होते तवा." एवढ्यावर केक कुठला कापायचा?

पण कागदावरचा का होईना, वाढदिवस येतो. आणि चाळीस, पन्नास, साठ असा भरला आकडा आला की बाई जरा थबकते. आमच्या त्या गटात दोघींची चाळिशी, दोघींची पन्नाशी आणि एकीची साठी एकाच १ जूनला भरत होती. साठीशांत गड्यांची होते, बायको शेजारी पाटावर बसून हाताला हात लावते. तिच्या स्वतःच्या साठीचं कोणी नाव काढत नाही. यावर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलणं निघालं आणि शेंगाचटणीवाल्या मावशी म्हणाल्या, "नुसतं वय कशाला भरायचं? काहीतरी करून भरा की. आम्ही सांगतो काय करायचं ते."

तिथून चिठ्ठ्यांचा खेळ सुरू झाला. ज्यांचं वर्ष भरतंय त्या पाचजणींना बाकीच्यांनी प्रत्येकी तीन चिठ्ठ्या द्यायच्या. चिठ्ठीत एक काम, जे तिनं आजवर कधी केलेलं नाही आणि जे करायला ती भिते. मुदत ३१ मे. विडा उचलायचा म्हणतात ना, तसं.

पहिल्या फेरीत काय चिठ्ठ्या आल्या म्हणता! "सासूशी वर्षभर भांडू नको." "दहा किलो वजन उतरव." "अकरा गुरुवार धर." आम्ही त्या सगळ्या बाजूला काढल्या. उपवास, सेवा आणि गप्प बसणं यात आपल्या बायकांना कसली आलीय नवलाई, ते तर जन्मभर चालूच आहे. मग ठरलं की काम तिच्या स्वतःसाठी हवं, घरच्यांच्या सोयीचं नको. पैशाची पैज नको. आणि एक गोष्ट मावशींनीच घातली, तिच्यामुळं सगळा खेळ बदलला. चिठ्ठी जी लिहील तिनं सोबत जायचं. सोबत जाता येत नसेल तर तिच्या घरचं त्या दिवसाचं काम अंगावर घ्यायचं. यामुळं उगाच कोणी काहीही लिहीना. दुसरीला विहिरीत उतर म्हणणारीला दोर धरावा लागत होता.

एकीला आली एटीएमची चिठ्ठी. कार्ड तिच्या नावाचं, पण नंबर पोराला पाठ. चिठ्ठी देणारी बाहेर उभी राहिली आणि हिनं पहिल्यांदा स्वतः पाचशेची नोट काढली. नंतर नंबरही बदलून घेतला, ते चिठ्ठीत नव्हतं.

दुसरी शिवणकाम करणारी. सुईत दोरा ओवायला तिला लेकीला हाक मारावी लागायची, पण चष्मा म्हटलं की, "म्हातारी झाले का मी?" आपल्या भाषेत चष्म्यालाच चाळिशी म्हणतात, तरी चाळिशीची चाळिशी लावायला बाईला लाज! डोळे तपासले, जवळचा नंबर निघाला, चष्मा आला. आता ती रात्री काजंबटणं करते आणि चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते.

साठीवाल्या अक्कांच्या चिठ्ठीवर आम्ही सगळ्याच हसलो होतो. त्यात लिहिलं होतं, "जिथं देव नाही, पाहुणा नाही आणि दवाखाना नाही अशा गावाला एकटीनं जाऊन ये." वाचायला सोपं आहे. तुम्ही आठवून बघा, तुमचे आजवरचे सगळे प्रवास या तिन्हींपैकी कुठल्या ना कुठल्या कारणानंच झाले असतील. अक्कांनी पंधरा दिवस विचार केला. तुळजापूर नको, तिथं देवी. अक्कलकोट नको, तिथं स्वामी. पंढरपूर तर नकोच. शेवटी त्या एसटीनं नळदुर्गाला गेल्या, किल्ला बघायला. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढ्यात काम झालं. बोरी नदी अडवून बांधाच्या पोटात बांधलेला पाणीमहाल त्यांनी बघितला. नर-मादी धबधबे पावसाळ्यात कोसळतात, अक्का गेल्या मे महिन्यात, त्यामुळं धबधब्याची नुसती जागा बघितली. त्या दिवशी त्यांच्या घरच्या भाकरी चिठ्ठी लिहिणारीनं थापल्या. संध्याकाळी अक्का परत आल्या आणि म्हणाल्या, "दिवसभर कोणी मला काय मागितलं नाय बघ." बाकी किल्ल्याचं वर्णन त्यांनी फारसं केलं नाही.

आता जरा कामाचं सांगतो, कारण वयाच्या आकड्यांना सरकारदरबारी खरंच अर्थ आहे आणि तो आपल्याला वेळ गेल्यावर कळतो. अटल पेन्शन योजनेत शिरायचं वय १८ ते ४०. चाळिशी ओलांडली की दार बंद. साठीनंतर महिना हजार रुपये हवे असतील तर अठराव्या वर्षी शिरणारीला महिना ४२ रुपये भरावे लागतात, चाळिसाव्या वर्षी शिरणारीला २९१. म्हणून चाळिशीच्या दोघींना एक-एक चिठ्ठी अटल पेन्शनची आली. एकीनं खातं काढलं. दुसरी म्हणाली, "वीस वर्सं हप्ता कोण भरंल?" आणि तिनं हिशेब करून नाही म्हटलं. तेही आम्ही चालवून घेतलं, कारण हिशेब तिनं स्वतः केला होता.

पन्नाशीला जीवन ज्योती विम्याचं दार बंद होतं. १८ ते ५० वयात घेतला तर पंचावन्नपर्यंत चालवता येतो, वर्षाला ४३६ रुपये, कशानंही मृत्यू झाला तर घरच्यांना दोन लाख. नवीन घेतला तर पहिले तीस दिवस फक्त अपघाती मृत्यूला पैसे मिळतात, हे ध्यानात ठेवा. अपघाताचा सुरक्षा विमा वेगळा, तो वर्षाला २० रुपये आणि सत्तरीपर्यंत. आणि गंमत बघा, या दोन्ही विम्यांचं वर्षही १ जूनलाच सुरू होतं! मे महिन्यात खात्यात तेवढे पैसे ठेवा, नाहीतर हप्ता कापला जात नाही. हे सगळं कागदावरच्या वयावर चालतं, तुमच्या आईच्या आठवणीवर नाही. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, तेव्हा पुरावा हातात असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

अशा वयातल्या बायांच्या गोष्टी आपण ऐकतो. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून पाटी-दप्तर घेऊन जाऊ लागल्या. ही गोष्ट आम्हाला फार आवडते, कारण त्यात एकमेकींच्या नादानं सगळ्याजणी गेल्या. बारामतीच्या लता करे यांची गोष्टही तुम्हाला ठाऊक असेल. साठी उलटलेली ही बाई २०१४ साली नऊवारीत, अनवाणी मॅरेथॉन धावली आणि जिंकली. त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतः काम केलं. लोक टाळ्या वाजवतात, आम्हीही वाजवल्या. पण त्या धावल्या नवऱ्याच्या तपासणीला पैसे नव्हते म्हणून. म्हातारपणी बाईला तपासणीसाठी शर्यत जिंकावी लागावी, हे काही आम्हाला कौतुकाचं वाटत नाही.

तपासणीचं नाव निघालंच आहे, तर आमच्या गटातल्या सगळ्यात अवघड चिठ्ठीकडं येतो. पन्नाशी भरणारी आमची एक बीडी वळणारी बहीण आहे. तिला चिठ्ठी आली, "गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून ये." लिहिणारी होती शेजारच्या गल्लीतली, वय सेहेचाळीस. तिची थोरली जाऊ याच कॅन्सरनं गेली. अंगावरून जायचं, वास यायचा, पण बाईनं वर्षभर कोणाला सांगितलं नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता.

बीडीवाल्या ताईनं चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली आणि विषय बंद केला. एटीएम, एसटी, चष्मा सगळं पार पडलं, हिची गाठ सुटेना. "मला काय त्रास नाय." "तिथं गडीमाणूस असंल." "आणि निघालं तर?" शेवटचं जे होतं तेच खरं होतं. आपल्याला सुईची भीती नसते, कागदावर काय लिहून येईल त्याची असते.

आम्ही तिला घाबरवलं नाही, धाराशिवची हकिकत सांगितली. आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या आणि टाटा मेमोरियलच्या लोकांनी १९९९ पासून मोठा अभ्यास केला. ४९७ गावं, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं होतो. त्या विषाणूची चाचणी ज्या गटातल्या बायकांची आयुष्यात फक्त एकदा झाली, त्या गटात पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या मानानं निम्म्यावर आले. हा निकाल २००९ साली छापून आला आणि जगभर वाचला गेला. ज्या बायकांनी तपासणीला होकार दिला त्या कोण होत्या? कोरडवाहू शेतात राबणाऱ्या, आपल्यासारख्याच.

सरकारी दवाखान्यात जी साधी तपासणी होते, तिच्यात पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ औषध लावतात आणि थोड्या वेळानं बघतात. पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी. कापाकापी नाही, टाके नाहीत, काही मिनिटांत काम होतं. मुंबईच्या वस्त्यांत ही तपासणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास कमी झाले. सरकारच्या कार्यक्रमात तिशीनंतर दर पाच वर्षांनी ती करायची आहे. सोबत स्तनाची आणि तोंडाचीही. मिश्री लावणाऱ्यांनी, तंबाखू चघळणाऱ्यांनी तोंड आधी दाखवावं. डाग उमटला म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे. आजार व्हायला बरीच वर्षं लागतात, त्या वर्षांतच त्याला गाठायचं असतं.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ताई म्हणाली, "तू आधी झोप टेबलावर, मग मी." नियमानं सोबत जायचंच होतं, तेव्हा लिहिणारीला नाही म्हणता येईना. आम्ही दोघींसोबत गेलो. तपासणारी बाईच होती. आधी लिहिणारी आत गेली, मग ताई. ताईचं काही निघालं नाही.

लिहिणारीचं निघालं.

दोन-तीन दिवस ती कोणाशी बोलली नाही. पुढच्या तपासणीला बीडीवाली ताई तिच्यासोबत गेली, दिवसाची मजुरी बुडवून. कॅन्सर नव्हता, कॅन्सरच्या आधीचा बदल होता. छोटा उपचार झाला, त्याच दिवशी घरी आली. आता ठरलेल्या तारखांना दाखवायला जायचं आहे आणि प्रत्येक वेळी ताई सोबत असते. ती ४६ वर्षांची, तिचं कुठलंच वर्ष भरत नव्हतं, तिला कोणी चिठ्ठी दिलेली नव्हती.

१ जूनला आम्ही पाचजणींना ओवाळलं, भेळ केली, साठीवाल्या अक्कांना पाटावर मधोमध बसवलं. त्यांचे यजमान बाजूला उभे राहून फोटो काढत होते. पंधरापैकी अकरा चिठ्ठ्या पुऱ्या झाल्या होत्या.

तुमच्या गटात करायचं असेल तर हळदीकुंकवाची वाट बघू नका, पुढच्या मासिक बैठकीत चिठ्ठ्या टाका. तपासणी कुठं आणि कोणत्या वारी होते ते तुमच्या आशाताईला विचारा आणि जाताना दोघी-तिघी मिळून जा. कोणी काय केलं ते आम्हाला कळवा. आणि कोणाला स्कूटी शिकायची चिठ्ठी हवी असेल तर आमच्याकडं एक शिल्लक आहे. जिला दिली होती तिनं दुसऱ्याच दिवशी गुडघा सोलून घेतला आणि ती परत डब्यात टाकली.