भांडी वाजली म्हणजे
(वर्धापनदिनाच्या सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



आपल्या कराडात नव्याने नांदायला आलेल्या एका सुनेने मला विचारले, "काकू, परवा रात्री मांडणीवरची भांडी आपोआप वाजली. माझा जीव उडून गेला. सासूबाई मात्र कूस बदलून झोपल्या. हे कसे?" तिच्या प्रश्नाचे उत्तर आज सर्वांसमोर द्यावे असे वाटते.

आम्ही कोयनेच्या शेजारणी. १९६२ च्या सुमारास शिवाजीसागरात पाणी साठू लागले, तेव्हापासून ही धरणी अधूनमधून हलते आहे. आधीच ताणाखाली असलेल्या खडकावर पाण्याचा भार पडतो, भेगांतून पाणी खोल मुरते आणि खडक सरकतो, असे शास्त्रज्ञ सांगतात.

मला पहिला मोठा धक्का कळला तो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून एकवीस मिनिटांनी. मी नऊ वर्षांची होते. आधी फडताळातल्या कपबश्या किणकिणल्या, मग जमिनीखालून मालगाडी जावी तसा आवाज आला आणि घर हलले. आजीने आम्हां सहा नातवंडांना अंगणात काढले, अंधारात चाचपून आमची डोकी मोजली आणि पुन्हा एकदा मोजली. उजाडल्यावर पाहतो तो मागच्या भिंतीला पोट आलेले. कोयनानगर परिसरात त्या पहाटे दोनशेच्या आसपास माणसे गेली.

कपबश्या आधी का वाजल्या, हे पुढे शाळेत कळले. भूकंपाची वेगवान लाट हलकी असते, ती पुढे येते. घर हलवणारी लाट तिच्या मागून, काही सेकंदांनी येते. तेवढाच काय तो निरोप.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जवळजवळ तेवढ्याच ताकदीचा भूकंप झाला. गणेशविसर्जन करून दमलेली गावे झोपेत होती. तिथे हजारो माणसे दगावली. दाट वस्ती, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. भिंतीच्या आतल्या व बाहेरच्या थराला बांधून ठेवणारे लांब दगड नव्हते, म्हणून थर सुटले आणि माळवद माणसांवर आले. मैत्रिणींनो, धरणी क्वचितच जीव घेते, घर घेते.

म्हणून त्या सुनेला माझे सांगणे असे, की घाबरू नकोस, पण सरावूही नकोस. घर बांधताना किंवा दुरुस्त करताना दारखिडक्यांच्या डोक्यावरून चारही भिंतींना कवेत घेणारा काँक्रीटचा पट्टा घालायला सांगा. अंथरुणाच्या उशाशी जड कपाट नको. असलेच तर भिंतीला पक्के जखडा. माळ्यावरचे पितळी हंडे खाली आणा. धक्क्याच्या वेळी जिन्यावर धावू नका; भक्कम टेबलाखाली बसा, डोके झाका, आणि हलणे थांबले की गॅस बंद करून मोकळ्या जागी या. दगडमातीच्या घरात दार जवळ असेल, तर लगेच बाहेर पडा आणि भिंतीपासून दूर उभ्या राहा. "आज रात्री अमुक वाजता मोठा धक्का बसणार" असे फोनवर आले, तर पुढे धाडू नका. भूकंपाची वेळ आधी सांगणे आजही कुणाला साधलेले नाही.

आणि एक मागणे मंडळाकडे. आपल्या गल्लीत अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसे आहेत, एकट्या राहणाऱ्या बाळंतिणी आहेत. हादरा थांबताच कुणाच्या दारी कुणी जायचे, याची यादी पुढच्या सभेत करून टाकू. हळदीकुंकवाची यादी आपण किती हौसेने करतो! ही त्याहून लहान असेल, पण अंधारात डोकी मोजताना तिचाच उपयोग होईल.