रोज एक पान

मी खडवलीला राहते. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की टिटवाळ्यानंतरचं स्टेशन आमचं. उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी इथल्या भातसा नदीवर डुंबायला माणसांची रीघ लागते. मे महिन्यात आसपासचे ओढे कोरडे पडलेले असताना ही नदी वाहते कशी, असं पुष्कळांना वाटतं. वर शहापूर तालुक्यात धरण आहे. पावसाळ्यात साठवलेलं पाणी नदीत सोडतात आणि खाली पिसे इथल्या बंधाऱ्यावरून ते मुंबईसाठी उचलतात. म्हणजे मे महिन्यात आपण ज्यात पाय बुडवतो ते पाणी गेल्या पावसाळ्याचं असतं. एवढं लक्षात ठेवा, शेवटी मला त्याची गरज लागणार आहे.

आज बोलायचंय ते वाचनातून मिळणाऱ्या आणि टिकणाऱ्या आनंदाबद्दल. मी ख्रिस्ती आहे, माहेर नगरकडचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं. त्यामुळे ज्या पुस्तकांविषयी सांगणार आहे ती ख्रिस्ती पुस्तकं आहेत. पण ती मराठी पुस्तकं आहेत, तेव्हा तुमचीही आहेत.

आधी एक कबुली देते. मी शाळेत मराठी शिकवत होते आणि चाळीस वर्षं रोज बायबल वाचत होते. पण कसं? सकाळी कुकर लावायचा, शिटी होईपर्यंत एक अध्याय उरकायचा आणि कॅलेंडरवर बारीकशी खूण करायची. वर्षाअखेर सगळ्या खुणा भरल्या की समाधान वाटायचं. ते काम संपल्याचं समाधान होतं. त्याला मी आनंद समजत होते.

आमचे हे मुंबईला नोकरीला होते. जाता-येता रोजचे तीन-साडेतीन तास गाडीत. गर्दीत उभ्यानं, एका हातानं कडी धरून, दुसऱ्या हातात पुस्तक. रहस्यकथा, प्रवासवर्णनं, काहीही चालायचं. धर्माच्या पुस्तकांचं मात्र वावडं. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसून वाचायचं म्हणून दोन कपाटं भरून पुस्तकं जमवली होती. निवृत्त झाले आणि काचबिंदूनं डोळे गेले. निदान फार उशिरा झालं. एका डोळ्याला थोडा उजेड कळायचा, एवढंच.

पुढचं वर्ष फार वाईट गेलं. माणूस बोलेनासा झाला. कपाटाशी जाऊन पुस्तकांच्या पाठीवरून नुसता हात फिरवायचा. एकदा मी बायबल घेऊन शेजारी बसले, तर म्हणाले, "अगं, मला बरं वाटावं म्हणून काही वाचू नकोस. मला बरं वाटायला नकोय." मी पुस्तक मिटलं. खरं सांगायचं तर मला रागही आला आणि सुटल्यासारखंही वाटलं. आनंदाविषयी वाचून दाखवण्याजोगं माझ्यापाशी तरी काय होतं?

मग मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढली. धर्माचं पुस्तक म्हणून नव्हे, हसू येईल म्हणून. नवऱ्यानं शिकवलं म्हणून जेमतेम लिहायला-वाचायला शिकलेली ही बाई. तिच्या आत्मचरित्राचा पहिला भाग 1934 साली आला आणि मराठीतल्या उत्तम पुस्तकांत जाऊन बसला. टिळकांचा विसराळूपणा, पैसे भलत्याच ठिकाणी खर्च करून येणं, आणि त्यावर लक्ष्मीबाईंचा फणकारा. चौथ्या दिवशी हे मोठ्यानं हसले. वर्षभरानं घरात ते हसू ऐकलं.

पण ते पुस्तक नुसतं हसवत नाही. नवऱ्यानं धर्म बदलला म्हणून ही बाई काही वर्षं त्याच्यापासून दूर राहिली. सोवळं-ओवळं सोडताना तिच्या जिवाची केवढी ओढाताण झाली! ती काही लपवत नाही. दुःख आहे तिथं दुःख म्हणते, आणि दुसऱ्याच ओळीत हसवते. हे म्हणाले, "हिला बरं वाटलेलं खोटं नाही वाटत."

त्याच ओघात मी रेव्हरंड टिळकांची गाडीतली गोष्ट सांगितली. नागपूरहून राजनांदगावला जाताना एका युरोपियन प्रवाशाशी त्यांच्या कवितेविषयी गप्पा झाल्या. उतरण्याआधी त्या गृहस्थानं त्यांना नवा करार भेट दिला. वाचीन, असा टिळकांनी शब्द दिला आणि सवयीप्रमाणे हातात पेन्सिल घेऊन खुणा करत वाचायला बसले. डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांना उठवेना. पुढे 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

गाडीतला वाचक म्हटल्यावर ह्यांना तो माणूस जवळचा वाटला असावा. म्हणाले, "पेन्सिल घेऊन वाचायचं ही पद्धत बरी आहे. रोज एक पान वाच. पण मला पटलं नाही तर मी थांबवणार, आणि तिथं तू फुली मारायची."

अशी आमची बोली झाली. संध्याकाळी दिवेलागणीला एक पान. आणि काय सांगू, फुल्यांवर फुल्या पडू लागल्या! शाळेत मुलांना प्रश्न विचारणारी मी, आता मलाच प्रश्न. पौलानं फिलिप्पैकरांना लिहिलेलं पत्र चार छोट्या अध्यायांचं आहे, एरवी मी ते एका कुकरमध्ये संपवलेलं. त्या पत्रात आनंद हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. ह्यांनी विचारलं, "हा लिहितोय कुठून?" म्हटलं, "तुरुंगातून." "सुटणार आहे?" म्हटलं, "त्याला माहीत नाही. कदाचित मरणही येईल, असं तो स्वतःच लिहितो." हे गप्प राहिले. मग म्हणाले, "उद्याही हेच पान." आठवडाभर आम्ही त्याच पानावर होतो.

चाळीस वर्षांत मला न दिसलेली गोष्ट मला तेव्हा दिसली. योहानाच्या शुभवर्तमानात ख्रिस्त शिष्यांना आपला आनंद देऊ करतो, तो त्यांच्यात राहावा म्हणतो. कधी? अटक होण्याच्या रात्री. सगळं सुरळीत असताना नव्हे. म्हणजे हा आनंद दुःख टळलं म्हणून होणारा नाही. दुःख खोलीत बसलेलं असताना त्याच्या शेजारी बसणारा आहे.

पुढे पंडिता रमाबाईंचं चरित्र वाचलं. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्या बायकांना कळावं म्हणून सोप्या मराठीत सबंध बायबलचं भाषांतर केलं. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या छापखान्यात बायकांनीच ते छापलं. हे काम चालू असताना, 1921 साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई मुद्रितं तपासत राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्याही गेल्या, ग्रंथ 1924 साली बाहेर आला. ते ऐकून हे म्हणाले, "म्हणजे आपण फुल्या मारतोय त्या पानांमागे असली माणसं आहेत तर." आमच्या हातात होतं ते वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 2010 सालचं 'सुबोध बायबल'. 2020 साली धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, झालेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष तेच. 2024 साली ते गेले.

वाचून दाखवणं ही तर आपली जुनी चाल. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडचा जेझुइट धर्मगुरू 1579 साली गोव्यात आला, मराठी शिकला आणि 1616 साली त्याचं 'क्रिस्तपुराण' राचोल इथे छापून निघालं. जवळजवळ अकरा हजार ओव्या. ओवीच का? तर इथली माणसं पुराण एकत्र बसून ऐकतात, हे त्यानं ओळखलं होतं. एकानं वाचावं, दुसऱ्यानं ऐकावं. एकटं वाचताना आपण अवघड जागेवरून हळूच पुढे सरकतो. ऐकणारा सरकू देत नाही.

ह्यांचे डोळे परत आले नाहीत. सगळ्या शंका फिटल्या असंही नाही. पण संध्याकाळ झाली की खुर्ची स्वतः ओढून घ्यायचे आणि विचारायचे, "अगं, आज कुठवर आलो?" एवढं मात्र झालं.

तीन वर्षांपूर्वी हे गेले. त्यानंतर कितीतरी दिवस मला ते पुस्तक उघडवेना. पुढे एका मे महिन्यात, घरात अगदी असह्य झालं तेव्हा उघडलं. समासात पेन्सिलीच्या फुल्या. प्रत्येक फुलीपाशी त्यांचा आवाज. मोठ्यानं वाचायला लागले. रडले, आणि एका फुलीपाशी हसलेही. त्या दिवशी नवं काही घडलं नव्हतं. ते पाणी आधीच्या संध्याकाळींचं होतं. तेव्हा साठलं म्हणून कोरड्या दिवसांत पोहोचलं.

श्रोतेहो, कुणी धर्म बदलावा म्हणून मी हे सांगत नाही. तुमच्या घरी ज्ञानेश्वरी असेल, गाथा असेल, कुराण असेल, बुद्धवचनं असतील. माझं सांगणं एवढंच, की संपवायला वाचू नका. रोज एक पान वाचा, मोठ्यानं वाचा. घरात ज्याचे डोळे थकलेत त्याच्या शेजारी बसून वाचा, आणि त्याला भांडू द्या. हाताशी एक पेन्सिल ठेवा.