लसीच्या कुपीचा हिशेब

पनवेल तालुक्यात माथेरानच्या पायथ्याशी वसलेल्या धोदाणीसारख्या गावी लसीकरणाच्या दिवशी दोनच अर्भके क्षयरोगविरोधी बीसीजी लसीसाठी आणली गेली, तर दहा मात्रांची कुपी फोडावी की नाही, असा पेच परिचारिकेपुढे उभा राहतो. कारण द्रावकात विरघळवलेली ही लस 4 तासांनंतर वापरता येत नाही व उरलेल्या मात्रा टाकून द्याव्या लागतात. तरीही कुपी फोडलीच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. विन्मुख परतलेली माता पुन्हा येईलच, याची शाश्वती कोणी द्यावी? उरलेल्या मात्रांचे हे नुकसान क्षम्य होय. अक्षम्य ते हलगर्जीपणाचे! 2 ते 8 अंशांत ठेवावयाची पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरील) लस शीतपेटीत बर्फाला चिकटून गोठली, की तिचे सत्त्व नष्ट होते. हिचीच फोडलेली कुपी मात्र नियम पाळल्यास, आणि तिच्यावरील उष्णतादर्शक वर्तुळातला फिका चौकोन भोवतालच्या रंगाइतका गडद झाला नसल्यास, 28 दिवसांपर्यंत चालते. म्हणून ती उघडल्याची तारीख व वेळ तिच्यावर तत्क्षणी लिहिणे, आणि गोठलेल्या, फुटलेल्या व मुदत संपलेल्या कुप्यांची दफ्तरात निरनिराळी नोंद ठेवणे अगत्याचे आहे. 2015 साली देशात सुरू झालेल्या ‘ईव्हिन’ या लससाठ्याच्या संगणकीय नोंदप्रणालीत हा जमाखर्च व शीतकपाटांचे तापमान वरिष्ठांना भ्रमणध्वनीवर दिसते, आणि एका केंद्रातील मुदत सरत आलेला साठा गरजू केंद्राकडे वेळीच रवाना करता येतो.